क्लासशिवाय गिटार शिकलेल्यांसाठी: लय पक्की करण्याचा आणि हात जलद करण्याचा क्रम

हा लेख कोणासाठी आहे ते आधी सांगतो. तुम्ही क्लास न लावता, व्हिडिओ बघून आणि कानाने ऐकून गिटार शिकलात. ओपन कॉर्ड येतात, बॅरे कॉर्ड बऱ्यापैकी लागतात, काही गाण्यांचे लीडचे तुकडेही हातात बसलेत. खोलीत एकट्याने वाजवताना छान वाटतं. पण शेजारी कोणी तबला घेऊन बसलं किंवा मूळ गाणं लावून त्याच्याबरोबर वाजवायला घेतलं की कुठेतरी घसरतं. जलद तुकडा आला की बोटं एकमेकांत अडकतात.

मीही असाच शिकलो आणि पुढे भावगीतांच्या कार्यक्रमांत साथ करू लागलो. त्या वाटेवर जे समजत गेलं ते इथे क्रमाने लिहितो आहे, कारण या विषयावर मिळणारे बहुतेक सल्ले "मेट्रोनोम लावून रोज सराव करा" इथेच संपतात. सल्ला खरा आहे, पण त्याने काम भागत नाही.

एकट्याने शिकणाऱ्याची अडचण अशी की घरी गाणं आपल्यासाठी थांबतं. जीवरून सीवर जाताना बोटं जरा उशिरा पोहोचली तर आपण नकळत ती मात्रा लांबवतो, सोपी जागा आली की नकळत पळतो. व्हिडिओतला शिक्षक आपल्याला ऐकत नसतो, त्यामुळे टोकणारं कोणी नसतं. मग हीच लांबवलेली, आखडलेली लय हातात मुरते. वेग अडतो तोही बऱ्याचदा इथेच: बोटं मंद नसतात, दोन हात एका क्षणी पोहोचत नसतात. म्हणून माझा आग्रह आहे की सराव वाढवण्याआधी आपलं नेमकं कुठे तुटतं ते शोधा. डावा हात, उजवा हात, दोघांची जुळणी आणि मनातली मात्रा या चार जागा आहेत. चारही जागांचे उपाय वेगळे आहेत.

लागणारं सामान

- मेट्रोनोमचं कोणतंही मोफत ॲप. त्यात मध्येच काही आवर्तनं गप्प राहण्याची सोय असेल तर उत्तम.
- वायरचे इअरफोन. ब्लूटूथ नको, कारण दुसऱ्या पायरीत येईल.
- रेकॉर्डिंगसाठी फोन. संगणक असेल तर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर.
- ट्यूनर. ॲपमधला चालेल.
- दोन-तीन जाडीची पिकं: एक पातळ, एक साधारण ०.७३ मिलिमीटरचं, एक १ मिलिमीटरच्या आसपासचं.
- अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी.
- एक वही. फोनमधल्या नोंदी पुन्हा उघडून बघितल्या जात नाहीत, हा माझा अनुभव.

१. आधी गिटार तपासा

अवघड गिटारवर वेग येत नाही. ही पायरी लोक सोडून देतात आणि महिनोन्‌महिने स्वतःच्या बोटांना दोष देत बसतात.

बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरा आणि फ्रेटच्या माथ्यापासून सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर बघा. अकूस्टिक गिटारवर ते अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. पहिल्या तारेला दोन मिलिमीटरच्या जवळपास असावं. साडेतीन-चार दिसलं तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या आणि "ॲक्शन खाली करून द्या, फ्रेट बझ येऊ देऊ नका" एवढं सांगा. ॲक्शन म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, फ्रेट बझ म्हणजे तार फ्रेटला घासून होणारी खरखर. नेकमधला रॉड स्वतः पिळायला जाऊ नका.

आणखी एक चाचणी आहे. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि एफचा आकार एक घर पुढे सरकवून वाजवा. अचानक तारा खूपच हलक्या दाबल्या जात असतील, तर नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उंच आहेत. तेही दुरुस्तीवाल्याचंच काम.

मुंबई, कोकण, गोव्याकडे पावसाळ्यात लाकूड दमट होतं, गिटारची वरची फळी किंचित फुगते आणि तारा वर जातात. मे महिन्यात बरी वाटणारी गिटार जुलैत जड का झाली, याचं उत्तर अनेकदा एवढंच असतं. तिथे तारांना गंजही लवकर चढतो, आणि गंजलेल्या तारेवर बोट सरकत नाही. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कापडाने पुसायच्या. अकूस्टिकवर १२ नंबरचा संच चढवला असेल आणि बोटं दुखत असतील, तर काही महिने १० नंबरचा वापरा. आवाज थोडा बारीक होईल, पण हात मोकळा राहील.

२. स्वतःला मोजा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची. पूर्ण एक बैठक तिला द्या.

डाव्या हाताची बोटं तारांवर हलकी टेकवून तारा गप्प करा, म्हणजे पिकचा फक्त 'टक' असा आवाज येईल. मेट्रोनोम ६० वर लावा, म्हणजे सेकंदाला एक टिक. आता क्रमाने वाजवा: टिकेला एक फटका, मग दोन, मग तीन, मग चार. तबलावाले यालाच बरोबरी, दुगुन, तिगुन, चौगुन म्हणतात. प्रत्येक प्रकार आठ टिका वाजवा आणि सगळं सलग रेकॉर्ड करा.

संगणक असेल तर ऑडॅसिटीच्या जनरेट मेन्यूमध्ये 'रिदम ट्रॅक' आहे. त्यातून ६० च्या टिकांची पट्टी बनवा, ती इअरफोनमध्ये ऐकत दुसऱ्या पट्टीवर स्वतःला रेकॉर्ड करा, मग झूम करून दोन्ही पट्ट्या एकाखाली एक बघा. टिकेचा उंचवटा कुठे आणि तुमच्या फटक्याचा कुठे, हे डोळ्यांनी दिसतं. कान आपली बाजू घेतो, चित्र घेत नाही. रेकॉर्डिंगमध्ये सगळेच फटके सारख्या अंतराने उशिरा दिसत असतील तर तो यंत्राचा विलंब आहे, तुमचा नाही. तुम्ही बघायचं ते असमान अंतर: कधी पुढे, कधी मागे.

थोडं गणित इथे उपयोगी पडतं. ६० च्या लयीत चौगुनीचा एक फटका २५० मिलिसेकंदांचा, म्हणजे पाव सेकंदाचा. १०० च्या लयीत तोच १५० मिलिसेकंदांचा आणि १२० ला १२५ चा. अनेक ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज पोहोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे १०० च्या लयीत रेकॉर्डिंग एका अख्ख्या स्वराने सरकलेलं दिसू शकतं. इलेक्ट्रिक गिटार फोनच्या ॲपमधून ब्लूटूथवर ऐकत असाल तर आणखी वाईट: हात आत्ता वाजवतो आणि कान नंतर ऐकतो, त्यामुळे हात गोंधळतो. म्हणून वायरचे इअरफोन.

आता पुढच्या चाचण्या.

पहिली, फक्त उजवा हात: तिसरी तार मोकळी ठेवून चौगुनीत खाली-वर पिक मारा आणि ६० पासून चार-चारने लय वाढवत न्या. फटके असमान होतात किंवा मनगट ताठ होतं तो आकडा लिहा.

दुसरी, फक्त डावा हात: पिक बाजूला ठेवा आणि तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटपासून चार बोटं एकामागून एक आपटून, म्हणजे हॅमर-ऑनने, चौगुनीत वाजवा. सम, म्हणजे पहिली मात्रा, चुकते तो आकडा लिहा.

तिसरी, दोन्ही हात: तेच चार स्वर पिकसह. पुन्हा आकडा.

चौथी, मनातली मात्रा: चार-चार टिकांची दोन आवर्तनं टिकेसह आणि दोन आवर्तनं टिक बंद ठेवून टाळ्या द्या. टिक परत येते तेव्हा तुमची टाळी तिच्या आधी पडते की नंतर, ते लिहा.

समजा उजवा हात एकटा ११० पर्यंत जातो, डावा १०० पर्यंत, आणि दोन्ही मिळून ७६ ला तुटतं. मग तुमचे दोन्ही हात पुरेसे जलद आहेत, अडचण जुळणीची आहे आणि तुम्हाला सहावी पायरी सर्वांत जास्त लागेल. उजवाच ७२ ला ताठ होत असेल तर डाव्या हाताचे कितीही व्यायाम केले तरी पुढे सरकणार नाही. चौथ्या चाचणीत टाळी दर वेळी लवकर पडत असेल तर तिसरी पायरी झाल्याशिवाय गिटारला हात लावू नका, असंच मी म्हणेन.

३. गिटार बाजूला ठेवून लय अंगात आणा

इथे आपल्याकडे एक मोठी सोय आहे: ताल तोंडाने म्हणायची पद्धत. व्हिडिओ बघून शिकलेले आपण नेमकं हेच वापरत नाही.

६० लावा, प्रत्येक टिकेवर टाळी द्या आणि तोंडाने म्हणा. बरोबरीत 'ता', दुगुनीत 'तक', तिगुनीत 'तकिट', चौगुनीत 'तकधिमि'. प्रत्येक प्रकार चार टिका, मग न थांबता पुढचा. दोनावरून तीनावर आणि तीनावरून चारावर जातानाच बहुतेकांचं सुटतं. 'तकिट' म्हणताना शेवटचा 'ट' लांबतो आणि पुढची टाळी उशिरा पडते, तिकडे कान ठेवा.

मग टाळी टिकांच्या बरोबर मध्ये द्यायला लागा. टिक, टाळी, टिक, टाळी. सुरुवातीला थोड्याच वेळात टाळी टिकेवर जाऊन चिकटते. ती मध्येच राहू लागली की मात्रा मनात तयार होते आहे असं समजायचं, कारण मधली जागा दाखवणारं बाहेर काहीच नाही.

यानंतर ठेके. मराठी भावगीतं, भक्तिगीतं, हिंदी चित्रपटगीतं वाजवणाऱ्याचं मोठं काम केरवा आणि दादरा या दोन तालांत भागतं. केरवा आठ मात्रांचा: धा गे ना ति, न क धि न. टिक एक सोडून एक मात्रेवर येईल अशी म्हणा. ती धा, ना, न आणि धि यांवर पडेल. दादरा सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. त्यात दोन टिका ठेवा, दोन्ही धावर. बोल तोंडात बसले की पायाने टिक धरा आणि तोंडाने ठेका चालू ठेवून आवडतं गाणं मनात म्हणा. गाण्याचे शब्द कोणत्या मात्रेपासून उठतात हे पहिल्यांदाच लक्षात येईल. बरीच गाणी समेवरून उठत नाहीत, आणि मुखड्याला चुकीच्या जागी शिरणं ही स्वतः शिकलेल्यांची नेहमीची अडचण तिथूनच येते.

गणपतीत आरत्यांच्या वेळी एक प्रयोग जरूर करा. आरतीची लय चढत जाते, आणि ती नेमकी कुठे चढते ते टाळ हातात असताना टिपा. कडव्याच्या शेवटी, सगळे जोरात म्हणतात तिथे ती पुढे सरकते. जोर वाढला की लय वाढते. तुमच्या गिटारवरही हेच होत असतं: जोरात स्ट्रम केलं की पळता, हळू वाजवलं की मागे पडता. ६० च्या टिकेवर चार आवर्तनं जोरात आणि चार अगदी हळू असं आलटून पालटून वाजवणं हा त्यावरचा सरळ उपाय.

४. स्ट्रमिंग: उजवा हात कधीच थांबू द्यायचा नाही

व्हिडिओत स्ट्रमिंग बाणांनी दाखवतात: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. शिकणारा बाण पाठ करतो आणि जिथे बाण नाही तिथे हात थांबवतो. लय तिथेच बिघडते. हात सतत खाली-वर हलत राहिला पाहिजे. टिकेवर खाली, दोन टिकांच्या मध्ये वर. जिथे फटका नको तिथे हात तारांना न लागता नुसता जातो. नमुना कोणताही असो, हाताची हालचाल बदलत नाही, फक्त तारांना कधी लागायचं ते बदलतं.

सराव गप्प तारांवर करा. आधी सगळे फटके वाजवा. मग एकेक फटका काढत जा, हात मात्र चालूच. केरव्यात हे सरळ बसतं, कारण आठ मात्रांत चार खाली आणि चार वर. दादऱ्यात थांबून विचार करावा लागतो. सहा फटके आळीपाळीने मारले तर पहिला धा खाली येतो आणि दुसरा धा वर. वरचा फटका स्वभावतः हलका, म्हणून ताल लंगडा ऐकू येतो. संथ गाण्यात मी सहाही फटके खालीच मारतो. लय वाढली की आळीपाळीने, आणि मग चौथ्या मात्रेवरचा वरचा फटका ठासून वाजवण्याचा वेगळा सराव लागतो. हा सराव परदेशी व्हिडिओंत फारसा सापडत नाही, आणि आपल्या गाण्यांना तोच सर्वांत जास्त लागतो.

५. कॉर्ड बदलणे

चार टिकांना एक कॉर्ड असलेलं गाणं १०० च्या लयीत वाजवायला मिनिटाला किती बदल लागतात? फक्त २५. एवढे कोणालाही जमतात. तरी अडखळतं, कारण तो बदल शेवटच्या अर्ध्या मात्रेत उरकायचा असतो, आणि १०० ला अर्धी मात्रा म्हणजे ३०० मिलिसेकंद. म्हणून 'मिनिटात जास्तीत जास्त बदल' हा व्यायाम सुरुवातीला चांगला असला, तरी पुढे बदल लयीत करण्याचा सराव हवा.

तो असा. गाण्यातली अडणारी जोडीच घ्या, उदाहरणार्थ जी आणि सी, किंवा डी मायनर आणि एफ. ६० वर तीन टिका पहिली कॉर्ड वाजवा. चौथ्या टिकेला डावा हात उचला आणि उजवा हात मोकळ्या तारांवर चालूच ठेवा. पुढच्या पहिल्या टिकेला नवी कॉर्ड. मोकळ्या तारांचा तो फटका ऐकायला वाईट लागत नाही. ध्वनिमुद्रित गाण्यांतही नीट ऐकलंत तर सापडेल. हळूहळू मोकळा भाग अर्ध्या मात्रेवर आणा.

बोटं कॉर्डच्या दोन-तीन तारांवरच पोहोचली तरी उजव्या हाताने पहिली टिक सोडायची नाही. कॉर्ड अर्धवट लागलेली श्रोता विसरतो, पण मात्रा थांबलेली त्याच्या पायाला कळते. बोटं उतरवताना खर्जाच्या बाजूचं बोट आधी टेका, कारण खालचा फटका जाड तारेपासून सुरू होतो आणि बारीक तारेपर्यंत पोहोचेपर्यंत उरलेली बोटं जागेवर येतात. दोन कॉर्डमध्ये सामाईक बोट असेल तर ते उचलू नका. ए मायनर ते सी मध्ये पहिलं आणि दुसरं बोट जागच्या जागी राहतं, फक्त तिसरं हलतं. तरीही बरेच जण तिन्ही बोटं उचलताना दिसतात.

६. पिक आणि दोन हातांची जुळणी

पिक बोटांबाहेर फार काढू नका, टोक थोडंच दिसलं पाहिजे. जास्त बाहेर असेल तर ते तारेत खोल शिरतं आणि प्रत्येक फटक्याला अडतं. पातळ पिक स्ट्रमिंगला बरं, पण एकेका तारेवरच्या जलद कामात ते वाकतं आणि परत यायला वेळ घेतं. तिथे जाड पिक वापरा.

नियम स्ट्रमिंगचाच: टिकेवर खाली, मध्ये वर, न चुकता आळीपाळीने. खरी गुंतागुंत तार बदलताना होते. एका तारेवर चार स्वर असतील तर पुढच्या तारेची सुरुवात खालच्या फटक्याने होते, आणि तीन असतील तर वरच्या फटक्याने. जलद सरगम वाजवताना दर तीन स्वरांनी तुटत असेल तर बोटांचा विचार सोडा आणि तार ओलांडताना पिक कुठल्या बाजूला असतं ते बघा. दोन शेजारच्या मोकळ्या तारांवर, डावा हात न वापरता, तीन-तीन फटके मारत राहा. कंटाळवाणं आहे, पण गाठ इथेच सुटते.

जुळणीसाठी १-२-३-४ हा बोटांचा प्रसिद्ध व्यायाम सगळे करतात. चार बोटांच्या क्रमाचे एकूण २४ प्रकार होतात. सगळे रोज करायला घेतले तर गिटार वाजवायला वेळ उरणार नाही. तिसरं आणि चौथं बोट लागोपाठ येतात असे दोन-तीन क्रम निवडा, जसे १-३-४-२ किंवा ३-४-१-२, आणि तेच धरून ठेवा. करताना दोन गोष्टी पाहा. उचललेलं बोट तारेपासून किती लांब उडतं? करंगळी हवेत ताठ उभी राहत असेल तर तिला परत यायला उशीर लागणारच. आणि बोट किती जोराने दाबलं जातं? आवाज स्वच्छ येईल इतकाच दाब द्यायचा. तो शोधायला बोट फक्त टेकवून वाजवा, मग दाब कणाकणाने वाढवा आणि खरखर गेली की थांबा. बहुतेकांना आपण कितीतरी जास्त दाबत होतो हे तिथे कळतं.

७. आता वेग

इतकं झाल्यावर वेगाला हात घाला. दोन पद्धती आहेत आणि दोन्ही लागतात.

पहिली पायऱ्यांची. तुकडा सलग तीनदा स्वच्छ वाजतो तो आकडा धरा, समजा ७२. मग ७६, ८०, पुन्हा ७६, मग ८०, ८४, पुन्हा ८०. दोन पायऱ्या वर, एक खाली. तुटलं की आकडा वहीत लिहून तिथेच थांबा. तुटलेल्या लयीत पुन्हा पुन्हा धडका मारल्या की हात तुटण्याचाच सराव करतो.

दुसरी झटक्यांची, आणि ती कमी सांगितली जाते. संथ लयीत हात मोठी हालचाल करूनही वेळेवर पोहोचतो, जलद लयीत ती हालचालच चालत नाही. म्हणून नुसतं हळू वाजवत राहिल्याने वेग आपोआप येत नाही. हवा तो आकडा थेट लावा, समजा १२०, पण फक्त चार स्वर वाजवा आणि पाचव्यावर, म्हणजे पुढच्या टिकेवर, थांबा. हात सैल सोडा. दोन टिका गेल्या की पुन्हा. शेवटचा स्वर नेमका टिकेवर उतरला पाहिजे, सगळा हिशेब त्याच्यावर आहे. जमलं की आठ स्वर आणि नवव्यावर उतरणं. असे तुकडे मागून पुढे जोडत न्या: आधी ओळीचा शेवट, मग त्याच्या आधीचा भाग. शेवट हातात पक्का असला की तिकडे जाताना भीती वाटत नाही.

गाण्यातला जो तुकडा अडतो तोच वापरा. व्यायामाच्या पुस्तकातले आकडे वाढले आणि गाणं तिथेच राहिलं, असं होऊ देऊ नका.

दुखण्याबद्दल स्पष्ट सांगतो. बोटांच्या टोकांची आग सुरुवातीला होते आणि जाते. पण मनगटात, कोपराच्या बाजूला किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखलं, मुंग्या आल्या, तर त्या दिवशी गिटार ठेवून द्या. दुसऱ्या दिवशीही राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. दुखणं सोसून वेग मिळत नाही, आणि कंडरा (टेंडन) सुजल्या तर बराच काळ हात बंद ठेवावा लागतो. बसताना डावं मनगट फार वाकलेलं नसावं आणि अंगठ्याने नेक चिमटीत आवळलेला नसावा.

८. मेट्रोनोमचा आधार काढत जा

प्रत्येक मात्रेवर टिक असताना लयीत राहणं सोपं आहे. आता १०० च्या गाण्याला मेट्रोनोम ५० वर लावा आणि टिक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर येते असं माना. पहिली मात्रा तुम्हालाच धरायची आहे. सुरुवातीला कान त्या टिकेला 'एक' समजून उलटेल. मोठ्याने मोजा: एक, टिक, तीन, टिक. त्यानंतर २५ वर, म्हणजे आवर्तनाला एकच टिक. तुमचं ॲप इतकं खाली जात नसेल तर आवर्तनं गप्प ठेवण्याची सोय वापरा.

पुढची पायरी म्हणजे तबल्याचं ॲप आणि मग खरा तबलजी. जवळच्या भजनी मंडळात, शेजारच्या गाण्याच्या क्लासात कोणीतरी नक्की असतं. "मला फक्त साधा केरवा मध्य लयीत धरून द्याल का?" असं विचारलंत तर नाही म्हणणारे थोडे. माणसाबरोबर वाजवताना लय किंचित श्वास घेते, आणि तिच्याबरोबर राहणं मेट्रोनोमने शिकता येत नाही.

९. मार्गदर्शन कसं मागावं

सगळं स्वतः करायचा हट्ट नको. मात्र "माझा स्पीड वाढत नाही, काय करू?" असं विचारलंत तर उत्तरही तितकंच मोघम येईल. जाताना हे बरोबर न्या:

- उजव्या हाताचा जवळून घेतलेला एक व्हिडिओ आणि डाव्या हाताचा एक. दोन्हींत टिक ऐकू आली पाहिजे.
- तोच तुकडा दोनदा: एकदा आरामाच्या लयीत, एकदा तुटतो त्या लयीत. तुटलेला भाग कापू नका, शिक्षकाला तोच बघायचा असतो.
- दुसऱ्या पायरीतले आकडे लिहिलेली वही.
- रोज वाजवता ती स्वतःची गिटार आणि स्वतःचं पिक.
- एकच नेमका प्रश्न. उदाहरणार्थ, "दुसऱ्या तारेवरून तिसरीवर येताना ८४ च्या पुढे तुटतं, पिकची दिशा चुकते का?"

कोणाकडे जायचं हे दोषावर ठरवा. मात्रा हलत असेल तर गिटारच्या सरांपेक्षा तबल्याचे सर जास्त उपयोगी पडतील. पिकचा हात ताठ होत असेल तर इलेक्ट्रिकवर लीड वाजवणारा कोणीतरी पाहा. गोव्यात असाल तर चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गायला, शिकवायची जुनी परंपरा आहे, आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले कितीतरी गोमंतकीय वादक त्याच तालमीतून आले. तिथे लय कागदावरून वाचायला शिकवणारं माणूस मिळण्याची शक्यता जास्त. मुंबईत धोबी तलावजवळचं १८६५ पासूनचं फुर्टाडोज किंवा तुमच्या शहरातलं वाद्यांचं दुकान इथे तारा घ्यायला जाल तेव्हा शिक्षकांची चौकशी करा. दुकानातल्या लोकांना कोण काय चांगलं शिकवतं ते ठाऊक असतं. पूर्ण कोर्स परवडत नसेल तर सरळ विचारा, "सर, हात दाखवण्यापुरता एकच तास द्याल का?"

क्रमाने चढत जाणारा अभ्यास हवा असेल तर रॉकस्कूल आणि ट्रिनिटी कॉलेज लंडन यांच्या परीक्षा भारतात देता येतात. परीक्षा द्यायलाच हवी असं नाही. पण रॉकस्कूलच्या अभ्यासक्रमात कोणत्या ग्रेडला कोणती स्केल कोणत्या लयीत टिकेबरोबर वाजवायची ते दिलेलं असतं. आपण कुठे उभे आहोत हे ताडायला ती मोजपट्टी चांगली आहे.

तालुक्याच्या गावी किंवा परदेशात राहणाऱ्यांना ऑनलाइन तासाचाच पर्याय असतो. त्यात एक मर्यादा लक्षात ठेवा: व्हिडिओ कॉलमध्ये आवाज उशिरा पोहोचतो, त्यामुळे सरांबरोबर एकाच वेळी वाजवता येत नाही, आणि टिक तुमच्या बाजूला लावली तरी सरांना ती आणि तुमचा फटका नीट जुळलेला ऐकू येईलच असं नाही. म्हणून तासाआधी टिकेसह केलेलं रेकॉर्डिंग पाठवा आणि कॉलवर फक्त हात दाखवा, प्रश्न विचारा. तास संपताना पुढच्या वेळेपर्यंत करायची एकच गोष्ट आणि ती कोणत्या लयीपर्यंत न्यायची तो आकडा मागून घ्या. वहीत तारखेसह लिहा आणि त्या लयीतलं नवं रेकॉर्डिंग पुढच्या तासाच्या आदल्या दिवशी पाठवा.